पाल्यास सैनिकी गोडी लावण्याची रीत

पाल्याला लष्कराची गोडी लावायची तर मुहूर्त २६ जानेवारीचा. टीव्हीवर संचलन साडेदहाला सुरू होते, तोवर पोहे आटोपलेले असतात. पालकाने सोफ्यावर आडवे व्हावे, पाठीशी दोन उशा घ्याव्यात आणि पाल्याला ताठ बसायला सांगावे. कर्तव्यपथावर एन.सी.सी.ची तुकडी दिसली की ‘बघ, याला म्हणतात शिस्त’ असे म्हणून चहा मागावा.

खरे तर बहुतेक घरांत हा विषय पाल्याच्या आवडीवरून निघत नाही, त्याच्या उद्योगांवरून निघतो. शेजाऱ्यांची काच फुटली, शाळेतून चिठ्ठी आली, की ‘साताऱ्याला घालतो बघ तुला’ हे वाक्य येते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली, देशातली पहिली, आणि ती मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एन.डी.ए.साठी, तयार करायला. काही पालकांची मात्र समजूत अशी, की हे वात्रट मुलांचे गॅरेज आहे. गाडी सोडून यायची, दुरुस्त झाली की न्यायची. अशा पालकांनी सहावीच्या प्रवेशपरीक्षेचा नमुना जरूर पाहावा. निम्मे गुण गणिताला आहेत. काचा फोडण्याला एकही नाही.

तेव्हा घरापासून जवळ आणि खिशाला सोपे, असे एन.सी.सी.च बरे. शाळेत तुकडी असेल तर तेराव्या वर्षापासून नाव घालता येते. आजी घाबरतील, ‘युद्धबिद्ध झालं तर?’ म्हणतील. त्यांना सांगावे, की ही संघटना १९४८ सालच्या कायद्याने उभी राहिली, आणि छात्रावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कसलेही बंधन नाही. हे ऐकून आजींना हायसे वाटते. त्यांच्यापेक्षा जास्त हायसे पालकांना वाटते. पण त्यांनी ते चेहऱ्यावर दाखवू नये. देशप्रेमाला बाध येतो.

आता गणवेश. पालकांचा खरा जीव इथे गुंतलेला असतो, म्हणून जरा सविस्तर. खाकीला कडक इस्त्री लागते आणि घडी बाहीवर नेमकी एकच पडावी लागते. दोन पडल्या तर परेडला सगळ्यांदेखत विचारणा होते. पट्ट्याचे पितळी बक्कल ब्रासोने घासायचे, तोंड दिसेपर्यंत. बुटांना पॉलिश लावून फडक्याने, थोडे पाणी टाकून, टोकाला चमक आणायची. बेरे टोपी डोक्यावर नीट बसायला हवी आणि वरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, ताठ उभा राहायला हवा. या सगळ्याची पहिली तालीम शनिवारी रात्री बाबा करतात, कारण पाल्य झोपलेले असते. रविवारी सकाळी बाल्कनीत फोटो काढून तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावा, खाली ‘आमचे जवान’ लिहावे. नागपूरच्या काकांचा सॅल्यूट येईपर्यंत फोन हातातून सोडू नये. पुष्कळ घरांत सैनिकी शिक्षण या टप्प्यावर पूर्ण होते, आणि तक्रारही कोणी करत नाही.

अडचण कॅम्पला येते. वार्षिक शिबिर दहा दिवसांचे. यादीत ताट, मग, मच्छरदाणी, अंथरूण आणि ट्रंकेचे कुलूप असते; बेसनाचे लाडू नसतात. आई ते सॉक्समध्ये घालून देते. तिसऱ्या दिवशी पालकांनी शिबिराच्या फाटकाशी जाऊन ‘जरा बघून जातो’ म्हणू नये. आत मूल रगडा खाऊन, म्हणजे मैदानाच्या फेऱ्या मारून, मजेत जेवत असते, आणि तुमचे तोंड पाहून त्याला घरची आठवण येण्याचा धोका असतो. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांशी ओळख काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यांनी तुमच्यासारखे शेकडो पाहिले आहेत.

कॅम्पहून परतलेले मूल अंथरुणाची घडी घालते, पाचला उठते आणि घरातल्या मोठ्यांना उशीर झाल्याबद्दल नजरेनेच जाब विचारते. पालकांनी मागितलेली शिस्त ती हीच. पण ती फक्त मुलाला लागावी अशी अपेक्षा होती, असे त्यांच्या तोंडावर लिहिलेले असते.

याच सुमारास पालकांनी विचारायचा प्रश्न: ‘याचे दहावीला गुण किती वाढतात?’

एक धोक्याची सूचना आधीच द्यायला हवी होती. गोडी नेमकी ज्याला लावायची त्यालाच लागते, असा नियम नाही. थोरल्याला ‘ताठ बस’ म्हणून वर्ष वर्ष सांगावे, तो मोबाइलमध्ये लढाया करत बसतो; आणि कोपऱ्यात गृहपाठ करणारी धाकटी एक दिवस नावनोंदणीचा फॉर्म सहीसाठी पुढे करते. तिच्याजवळ माहिती पक्की असते. एन.डी.ए.मध्ये २०२२ साली मुली दाखल झाल्या आणि त्यातल्या सतरा जणी २०२५च्या मे महिन्यात बाहेर पडल्या, हे तिला पाठ असते. नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था निघाली आहे, हेही. इथे पालकांनी ‘आधी इंजिनिअरिंग तर कर’ असे म्हणण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग होत नाही. मुलगी ‘तिथेही पदवी मिळते’ असे सांगते, आणि ते खरे असते.

लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित आलेच. पुढे निवड मंडळाचे पाच दिवस, तेही ९०० गुणांचे. तिथे मानसशास्त्राच्या चाचणीत उमेदवाराला स्वतःबद्दल लिहावे लागते: शिक्षकांना तू कशी वाटतेस, मित्रांना कशी, आणि आईवडिलांना कशी. सबब पालकांनी आपले मत आधीपासून तयार ठेवावे. ‘आमची सोनू ना, जरा हट्टी आहे’ एवढ्यावर उत्तरपत्रिका भरत नाही. लेकीबद्दल इतकी वर्षे आपण नक्की काय समजत होतो, हे एका संध्याकाळी चहा घेत नवराबायकोने ठरवून टाकावे. एकमत झाले नाही तर आजींना विचारावे.

शारीरिक तयारीसाठी उमेदवारांना दिलेला सल्ला स्पष्ट आहे: २.४ किलोमीटर पंधरा मिनिटांत, वीस दंड, वीस सिटअप, आठ चिनअप. पहाटे रस्त्याला मुलीने एकटीने पळू नये, हा निर्णय घरात तुम्हीच मोठ्या आवाजात घेतलेला असतो. त्यामुळे सोबत कोणी जायचे हा प्रश्न उरत नाही. बूट आदल्या रात्री दाराशी काढून ठेवावेत. पहिल्या आठवड्यात पळताना मुलीला उपदेश करू नये. श्वास पुरत नाही.