लोक्रियो: झाकण न उघडण्याचे शास्त्र

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये दुपारचे जेवण हे दिवसाचे मुख्य जेवण, आणि जेवण म्हणजे भात. भात, घेवड्याची आमटी आणि मांस या तिघांना मिळून तिथले लोक अभिमानाने 'ध्वज' म्हणतात. पण ज्या दिवशी तीन भांडी घासायचा उत्साह नसतो, किंवा मांस इतके थोडे असते की त्याला वेगळे भांडे देणे ही त्याची थट्टा ठरावी, त्या दिवशी सगळे एकाच भांड्यात जाते. त्याला लोक्रियो म्हणतात. तो घरी करू पाहणाऱ्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

पूर्वपीठिका. हा देश ज्या बेटावर आहे, तिथे कोलंबस 1492 साली उतरला तेव्हा तांदूळ नव्हता. तो स्पॅनिश लोकांमागून आला. लोक्रियो हा पायेया या केशर घातलेल्या स्पॅनिश भाताचा वंशज मानला जातो. केशराचे काम इथे शेंद्रीच्या बियांनी केले आणि पुढे टोमॅटोच्या पेस्टने. याला बिर्याणी म्हणू नये. पुलाव तर मनातही म्हणू नये.

भांडे. काल्देरो हवा: ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, जाड बुडाचा, घट्ट झाकणाचा. तो जितका जुना आणि काळवंडलेला, तितकी घराची पत मोठी. नॉनस्टिक भांडे वापरू नये. त्याला काही चिकटत नाही, आणि या पदार्थाचे सगळे भवितव्य चिकटण्यावर अवलंबून आहे. कुकरही नको. कुकर शिट्टी वाजवून सूचना देतो. लोक्रियोच्या बाबतीत सूचना देण्याचा अधिकार फक्त आजीला असतो.

खरेदी. ही कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे कोल्मादोत करावी. तिथे टोमॅटो पेस्टची छोटी पुडी, चार पाकळ्या लसूण, थोडीशी सलामी असे आजच्यापुरते सामान मिळते आणि हिशेब वहीत मांडला जातो. महिन्याचा किराणा एकदम भरू नये. त्याने दुकानदाराशी रोज बोलण्याचे निमित्त जाते. दुकानात बचाता संगीत मोठ्याने वाजत असेल. आवाज कमी करायला सांगू नये. युनेस्कोने 2019 साली बचाताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले आहे, तेव्हा तक्रार मानवजातीविरुद्ध जाईल.

मांस. नवशिक्याने कोंबडीपासून सुरुवात करावी. हात बसला की लोंगानिसा हे डुकराच्या मांसाचे सॉसेज, मग सलामी, मग खारवून धुरावलेला हेरिंग मासा. पगार लांबला की डब्यातल्या तिखट सार्डिन. किलोभर कोंबडीचे तुकडे आंबट संत्र्याच्या रसाने चोळावेत. ते न मिळाल्यास लिंबू चालते. ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड आणि ओरेगानो लावून अर्धा तास ठेवावे. पिझ्झाच्या पुडीतला ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला. डोमिनिकन ओरेगानो आपल्या घाणेरीच्या कुळातला आणि वासाला दांडगा. या टप्प्यावर मराठी हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. तो दुसऱ्या हाताने धरावा. गरम मसाला, हळद, हिरवी मिरची यांचे इथे काहीही काम नाही. मिरची लागते ती बिनतिखट, लांबट. तिच्या जागी ढोबळी घ्यावी आणि गप्प बसावे.

साखर. इथे शूर आणि भित्रे वेगळे होतात. काल्देरोत तीन-चार चमचे तेल कडकडीत तापवून त्यात चमचाभर साखर टाकावी. ती आधी काहीच करत नाही. मग कडेने विरघळते, मधाचा रंग घेते, तांबूस होते, बारीक फेसाळते आणि गडद तपकिरी होऊन धूर सोडू लागते. याच क्षणी कोंबडी आत गेली पाहिजे. क्षणभर आधी गेली तर ती फिकट राहते. क्षणभर नंतर गेली तर सगळे कडू. दाराची बेल नेमकी याच क्षणी वाजते. उघडू नये.

पाणी आणि तांदूळ. कोंबडी सगळीकडून तपकिरी झाली की कांदा, ढोबळी, कोथिंबीर, मूठभर ऑलिव्ह आणि टोमॅटो पेस्ट घालून परतावे. 4 वाट्या लांब दाण्याच्या तांदळाला 6 वाट्या पाणी. पाणी उकळल्यावर चव पाहावी. ते किंचित खारट लागले पाहिजे, कारण तांदूळ मीठ गिळतो आणि कबूल करत नाही. तांदूळ घालून पाणी आटेपर्यंत अधूनमधून हलवत राहावे. मग भात मध्यभागी ढिगासारखा ओढून आच अगदी मंद करावी.

झाकण. आता झाकण ठेवावे आणि स्वयंपाकघरातून निघून जावे. काही डोमिनिकन घरांत झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी पसरतात, म्हणजे वाफ निसटत नाही. वाचकांनी हे करू नये. तिथल्या आजीशी वाद मात्र घालू नये. साधारण पंधरा मिनिटांनी एकदाच झाकण काढावे, भात खालीवर करावा, कडेने चमचाभर तेल सोडावे आणि पुन्हा झाकावे. मधल्या काळात 'फक्त बघतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला कांदा चिरायला बसवावे.

खरवड. भात काढून घेतल्यावर बुडाशी सोनेरी, कुरकुरीत थर उरतो. त्याला कोंकोन म्हणतात. इतका वेळ आपण जे रांधले ते या थराचे आवरण होते. तो लोखंडी चमच्याने खरवडताना जो आवाज होतो, त्याने शेजारच्या खोलीत झोपलेला माणूसही बशी घेऊन उभा राहतो. खरवडीची समान वाटणी अशक्य आहे. प्रयत्न करणाऱ्याला दोन्ही बाजूंची बोलणी बसतात. सोबत अ‍ॅव्होकॅडोची फोड आणि दोनदा तळलेल्या कच्च्या केळ्याचे चपटे काप द्यावेत, म्हणजे हरलेल्यांची तोंडे बंद राहतात.

शंकासमाधान

*खरवड काळी झाली तर?* ती मुद्दाम तशी केली असे सांगावे. चेहरा गंभीर ठेवावा.

*खरवड धरलीच नाही तर?* भात चांगला झाला आहे असे कोणी म्हणेल. ते सांत्वन समजावे.

*भात गिचका झाला तर?* आणखी पाणी घालून त्याला आसोपाओ म्हणावे. त्या नावाचा पातळसर भात तिथे खरोखरच आहे आणि लोक तो आवडीने खातात.

*ऐनवेळी पाहुणे आले तर?* तांदूळ वाढवावा, पाणी वाढवावे, कोंबडी आहे तेवढीच ठेवावी. थोड्या मांसाची चव पुष्कळ भाताला लावणे एवढ्याच कामासाठी लोक्रियो जन्मला आहे. मांस दुप्पट घातले की तो दुप्पट चांगला होईल असे ज्याला वाटते, त्याने सरळ कोंबडीचा रस्सा करावा आणि तीन भांडी घासावीत.