बारभाईंचा लेझर

शीवच्या माणसाला भागीदारीतला प्रकल्प म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. स्थानकाजवळचा १९१२ सालचा पूल धोकादायक ठरला, तेव्हा रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा आणि दोन्हीकडचे उतार महापालिकेने, असे ठरले. २०२४च्या जानेवारीपासून पूल बंद करण्याच्या तारखा जाहीर होत गेल्या. कधी रहिवाशांचा विरोध, कधी बोर्डाच्या परीक्षा, कधी लोकसभेची निवडणूक आडवी आली आणि अखेर १ ऑगस्टला तो एकदाचा बंद झाला. एका पुलाला दोन धनी असले की काय होते, याचे शिक्षण शीवकरांनी वळसे घालत घालत घेतले.

त्यामुळे इथल्याच एका महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी ‘ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स व उदयोन्मुख इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञानातील सहयोगी संशोधनासाठी प्रस्ताव मागवण्यात येत आहेत’ ही सूचना वाचली, तेव्हा ते मुळीच दचकले नाहीत. (प्राध्यापकांचे नाव विचारू नये. ते काल्पनिक आहेत. म्हणजे शीव ते पनवेल कुठल्याही महाविद्यालयात भेटतील.)

विषय भारदस्त वाटला तरी घरोघरचा आहे. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करणारे सगळे जिन्नस यात येतात : एलईडी, मोबाइलचा कॅमेरा, गच्चीवरचे सोलर पॅनेल, फायबरच्या टोकाला बसलेला लेझर. करोनाच्या दिवसांत धारावीपासून चुनाभट्टीपर्यंत ज्याच्या त्याच्या बोटाला लागलेला ऑक्सिमीटरचा चिमटाही त्यातलाच. त्यात एक लाल आणि एक इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोडायोड. प्राणवायू भरलेले हिमोग्लोबिन आणि रिकामे हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्या फरकावरून आकडा निघतो. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४च्या सुमारास निहोन कोहदेन कंपनीत काढली. तिच्यातली मेख मात्र २०२०मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आकडेवारीनिशी ठळकपणे मांडली : काळ्या कातडीवर हा चिमटा बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्त प्राणवायू दाखवतो.

प्राध्यापकांनी मांडलेली कल्पना साधी होती. आपल्याकडच्या सावळ्या बोटांवर खरा आकडा सांगेल असा चिमटा करायचा. इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर, सर्किट जुळवणारे माटुंग्यात, चिपची भट्टी पवईत. याहून सोयीचे सहकार्य आणखी कुठे मिळणार?

पहिली अट आली सामंजस्य कराराची. महाराष्ट्रात शाल, श्रीफळ आणि सामंजस्य करार या तीन गोष्टी कुणालाही नाकारता येत नाहीत. करारावर सह्या झाल्या, फलकापुढे फोटो निघाला, फोटो महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फाइलीत गेला. मग कुणीतरी सुचवले की भागीदार कमी वाटतात. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या ‘पेअर’ योजनेत एका मोठ्या संस्थेभोवती सातपर्यंत लहान संस्था जोडता येतात, मग आपण तरी कमी का पडा? भागीदारांची संख्या सात झाली. त्यांतल्या चौघांना ऑक्सिमीटरशी काही देणेघेणे नव्हते, पण त्यांचीही मूल्यांकने जवळ आली होती.

करारांचे हे वेड वरून खाली झिरपलेले आहे. सप्टेंबर २०२२मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले आणि महाराष्ट्रात ‘प्रकल्प पळवला’ म्हणून रान उठले. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. म्हणजे जे लग्न दहा महिन्यांत मोडले, त्याच्या वरातीवरून आपण भांडत होतो. तळेगावात तो कारखाना टिकला असता का, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नव्हता आणि आता तर विचारणे अशुभच.

पैशाचे म्हणाल, तर आकडे डोळे दिपवणारे आहेत. २०२३च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाला पाच वर्षांत ५० हजार कोटी मिळायचे आहेत. त्यांतले १४ हजार कोटी सरकार देणार आणि ३६ हजार कोटी उद्योग, दानशूर वगैरे मंडळी देतील, अशी अपेक्षा आहे. बाकीच्यांच्या खिशावर इतका दांडगा विश्वास मुंबईत फक्त गणेशोत्सव मंडळांना परवडतो, आणि त्यांना निदान वर्गणी मागायला दारोदार जावे लागते. २०२५च्या जुलैत आणखी १ लाख कोटींच्या निधीला मंजुरी मिळाली. तो मुख्यतः अल्प व्याजाचे, दीर्घ मुदतीचे भांडवल देणार, आणि तेही जे तंत्रज्ञान प्रयोगशाळेची पहिली दगदग सोसून बरेच पुढे आले आहे त्याला. त्या पहिल्या दगदगीचे काय? देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. त्या स्वल्पविरामाएवढ्या टक्क्यात प्राध्यापकांचा चिमटाही कुठेतरी आहे.

मंजुरी आली. पैसे आले मार्चमध्ये. ते ३१ मार्चपूर्वी खर्च करून जीएफआर १२-अ या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे होते.

“सर, चिमट्यासाठीचे हे लेझर डायोड कशात घालू?” हिशेब विभागातल्या भाऊसाहेबांनी विचारले. “इक्विपमेंट की कन्झ्युमेबल?”

“वापरला की कधी कधी जळतो.”

“मग कन्झ्युमेबल. पण किंमत बघता इक्विपमेंट. आणि इक्विपमेंट जळाले तर चौकशी समिती.”

खरेदीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘लेझर’ टाकले तर प्रिंटर आले, ‘फोटो’ टाकले तर फ्रेमा. तीन कोटेशने आली, त्यांतले सर्वांत स्वस्त घेणे आले, आणि सर्वांत स्वस्त डायोडची तरंगलांबी वेगळी होती. प्राध्यापक म्हणाले, हा प्रकाश हिमोग्लोबिनला चालणार नाही. भाऊसाहेब म्हणाले, हिमोग्लोबिनकडून तसे लेखी आणा.

या बाबतीत सरकार ढिम्म बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२०मध्ये २०० कोटींच्या आतल्या खरेदीसाठी जागतिक निविदाच बंद करण्यात आल्या. मग जे उपकरण भारतात बनतच नाही ते मागवण्यासाठी परवानगीचे वेगळे दार काढण्यात आले. जुलै २०२२मध्ये सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची जीएसटीची सवलत गेली आणि ५ टक्क्यांचे बहुतेक ठिकाणी १८ टक्के झाले. दिलेल्या अनुदानातून आपणच कर कापून घ्यायचा, हा सहकार्याचा अभिनव प्रकार होय. २०२४मध्ये तर खुद्द अनुदानावरच कर मागणाऱ्या नोटिसा निघाल्या. दिल्लीच्या आयआयटीकडे सुमारे १२० कोटींची मागणी झाली. सप्टेंबरात जीएसटी परिषदेने संशोधनाची अनुदाने करमुक्त केली. जून २०२५मध्ये कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांचे अधिकार संचालक-कुलगुरूंना मिळाले. शहाणपण आले, एवढेच की वरातीमागून आले.

जपानात काय झाले ते पाहू. नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी अमानो निळ्या एलईडीच्या मागे लागले होते. त्यासाठी लागणारा स्फटिक वाढवायचे तयार यंत्र परवडेना, म्हणून अमानोंनी ते हातानेच जुळवले. १९८५मध्ये एक दिवस भट्टी नेहमीइतकी तापेना, म्हणून कमी उष्णतेवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन पाहिला, आणि त्या थरावर गॅलियम नायट्राइडचा स्फटिक सुरेख वाढला. (आपल्याकडे न तापणाऱ्या भट्टीची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात झाली असती आणि ती भंगारात काढण्यासाठी समिती बसली असती.) पुढे सरकारी संशोधन विकास महामंडळाने टोयोडा गोसेई या मोटारींचे रबरी-प्लॅस्टिक भाग बनवणाऱ्या कंपनीला पैसे देऊन विद्यापीठाशी जोडले. एक विद्यापीठ, एक कंपनी आणि धीराने थांबणारे एक सरकारी खाते, बस. एलईडी विकले गेले, स्वामित्वशुल्क आले आणि त्यातून नागोयात २००६मध्ये अकासाकींच्या नावाची संशोधन इमारत उभी राहिली. २०१४चे नोबेल नंतरची गोष्ट.

त्या नोबेलचे तिसरे मानकरी शुजी नाकामुरा. त्यांच्या निचिया कंपनीने आरंभी सढळ हाताने पैसा दिला, शोधाचे बक्षीस मात्र २० हजार येन दिले. प्रकरण कोर्टात गेले आणि २००५मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर मिटले. कंजूषपणा तिथेही आहे. तो संशोधन संपल्यावर करतात, एवढाच फरक.

शीवचे प्राध्यापक शेवटी वाचले ते पवईमुळे. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांना केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने २००६मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे दिली. २००८पासून तिथली यंत्रे देशभरच्या बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतील असा कार्यक्रम सुरू झाला. यात फलक नाही, श्रीफळ नाही. अर्ज करायचा, प्रशिक्षण घ्यायचे, नंबर आला की अंगभर पांढरा झगा चढवून धूळ नसलेल्या खोलीत शिरायचे आणि यंत्रावर बसायचे. कोट्यवधींची भट्टी प्रत्येक महाविद्यालयाने विकत घेऊन प्लॅस्टिकच्या कव्हराखाली जपण्यापेक्षा हे स्वस्त पडते, म्हणूनच की काय, याची जाहिरात कमी होते.

प्राध्यापकांची एक विद्यार्थिनी शीवहून धीमी लोकल पकडून कांजूरमार्गला उतरे, तिथून बसने पवईला जाई. तिने फोटोडायोड केला. इस्पितळातल्या एका डॉक्टरांनी ड्यूटी संपल्यावर थांबून रुग्णांच्या संमतीने त्याची मोजमापे घेतली. आकडे बरे आले. तिची शिष्यवृत्ती मात्र अजून यायची होती.

अहवाल भाऊसाहेबांकडे गेला. त्यांनी चष्मा सावरून शेवटचे पान पुन्हा वाचले.

“सर, करारात भागीदार सात. मोजमापाच्या कागदावर सह्या दोघांच्याच?”

“काम दोघांनीच केले, भाऊसाहेब.”

“ते ठीक आहे हो. पण मग उरलेल्या पाचांचे युटिलायझेशन कुणी द्यायचे?”