तीन दिवस फुकट, पुढे हयातभर

नाशिक रोडच्या माणसाला नोटेचं अप्रूप जरा कमीच. १९२८ पासून इथल्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. जेल रोड, उपनगर, देवळाली गाव, कुठेही हाक मारा, प्रेसमध्ये नोकरी केलेला कुणीतरी ‘ओ’ देतोच. आणि शिस्त अशी, की दिवसभर नोटांच्या ढिगात वावरणारा माणूस संध्याकाळी गेटवर झडती देऊन रिकाम्या हातानं घरी जातो. २०२१ मध्ये प्रेसमधल्या ५ लाखांच्या नोटांचा हिशेब लागेना, तेव्हा प्रकरण थेट पोलिसांत गेलं. त्या कुणी नेल्या नव्हत्या, आतच चुकून नष्ट झाल्या होत्या, असं तपासात निघालं. थोडक्यात, इथे फाडलेल्या नोटेचाही छडा लागतो.

अशा या गावात आमच्या शेजारच्या काकांच्या खात्यातून दर आठवड्याला २९९ रुपये जात होते. खबर ना पोलिसांना, ना बँकेला, ना खुद्द काकांना. काका प्रेसमधूनच निवृत्त झालेले, हे वेगळं सांगायला नको.

निमित्त झालं हयातीच्या दाखल्याचं. नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळींना आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. त्यासाठी कुठलेसे कागद स्कॅन करून पाठवायचे होते. काकांनी स्कॅन करणारं एक अ‍ॅप उतरवून घेतलं. पडद्यावर हिरवंगार बटण: ‘तीन दिवस फुकट!’ त्याखाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यालाही दिसू नये अशा राखाडी अक्षरांत: ‘त्यानंतर दर आठवड्याला २९९ रुपये.’ काकांनी हिरवं वाचलं, पिन टाकला, कागद पाठवले आणि काम झाल्यावर अ‍ॅप काढून टाकलं. फेब्रुवारीत पासबुक भरून आणलं, तर पानभर एकच नाव.

“अरे, हा कोण माणूस आहे? मी तर याला ओळखतही नाही!”

“काका, तो तुम्हाला ओळखतो ना, तेवढं बास आहे.”

“पण ते अ‍ॅप मी कधीच काढून टाकलंय!”

इथेच भले भले फसतात. अ‍ॅप फोनमधून गेलं तरी पैसे कापायला दिलेली परवानगी बँकेकडे शाबूत असते. तिला ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ म्हणतात. ती वेगळी रद्द करावी लागते. गंमत बघा, पेन्शन द्यायची तर सरकार दरवर्षी विचारतं, “आहात ना?” पैसे कापणारा मात्र असली अभद्र चौकशी कधीच करत नाही. त्याच्या लेखी आपण अमर आहोत.

आपल्याकडे वर्गणी नवी नाही. गणपती जवळ आले की मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. ‘५०१ टाका काका’ म्हणतात, आपण १०१ वर आणतो, पावती घेतो. मागच्या वर्षीच्या डीजेबद्दल चार शब्द सुनावतो, तेही ती पोरं मान खाली घालून ऐकतात. मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्यानं रात्री आपल्या कपाटातून स्वतःच वर्गणी काढून नेली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नेली, तर आपण त्याला काय म्हणू? कंपनी त्याला ‘अखंड सेवा’ म्हणते.

नियम नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. नियमांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. अशा आपोआप कपातीसाठीची रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, रक्कम सांगायची, नको असेल तर बाहेर पडायची सोय द्यायची. पहिल्या परवानगीला पिन किंवा ओटीपी लागतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यांना तोही लागत नाही. काकांनाही संदेश आले होते. इंग्रजीत, भलत्याच कंपनीच्या नावानं आणि कर्ज देऊ करणाऱ्या, लॉटरी लागल्याचं सांगणाऱ्या शंभर संदेशांच्या गर्दीत. कळवलं हे खरं, कळलं नाही एवढंच.

हा रोगही जुना. साध्या फोनच्या काळात कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर नाहीतर विनोद आपोआप ‘चालू’ व्हायचे आणि बॅलन्स बंद पडायचा. शेवटी २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला सांगावं लागलं, की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा होकार दोनदा घ्या. आता फोन हुशार झाला, तशी कापाकापीही हुशार झाली.

केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी या हुशारीची रीतसर यादीच काढली. ‘डार्क पॅटर्न’ असं नाव देऊन फसवणुकीचे १३ प्रकार मोजले. आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं महाकठीण करणारा ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ त्यातलाच. नकार देणाऱ्याला खजील करणं हाही एक प्रकार. विमा नाकारायचा तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा बटणावर बोट ठेवायला लावणं, हे उदाहरण खुद्द त्या नियमावलीत आहे. आपल्याकडे हे काम आजवर लग्नातल्या आत्या करत होत्या. आता तेही यंत्राकडे गेलं.

अटी-शर्तींचं तर बोलायलाच नको. आमच्या मुक्तिधाम मंदिराच्या भिंतींवर गीतेचे १८ अध्याय आहेत. एखादा भाविक ते उभ्या उभ्या वाचून काढेल. स्कॅनरच्या अटी वाचायला मात्र पुनर्जन्मावर श्रद्धा हवी.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असंही नाही. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानं २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनला कोर्टात खेचलं. प्राइमचं सदस्यत्व रद्द करायचं तर ४ पानं, ६ क्लिक आणि १५ पर्याय ओलांडावे लागत होते, असा आरोप होता. त्या वाटेला कंपनीत ‘इलियड’ म्हणत, म्हणजे ट्रॉयच्या दहा वर्षांच्या वेढ्याचं महाकाव्य! सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे जून २०२५ मध्ये सरकारनं ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, की तुमच्याकडे डार्क पॅटर्न आहेत का, हे तीन महिन्यांत तुमचं तुम्हीच तपासा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ऐकल्या होत्या, इथे पंचनामाही त्याच्याच हाती.

काका बँकेत गेले. बँक म्हणाली, “अ‍ॅपवाल्यांना विचारा.” अ‍ॅपवाल्यांकडे माणूस नव्हता, चॅटची चौकट होती. तिनं विचारलं, “मी आपली काय मदत करू?” काकांनी टाइप केलं, “पैसे परत.” चौकट म्हणाली, “आमच्या वार्षिक योजनेत ४० टक्के सवलत आहे!”

या धंद्याचं भांडवल आपला संकोच आहे. २९९ रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं आपण म्हणतो, आणि रक्कम २९९ ठेवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. ती ३०,००० असती, तर बिटको चौकात मोर्चा निघाला असता.

तेव्हा मोर्चा राहू द्या, एवढं करा. ज्या अ‍ॅपवरून यूपीआयनं पैसे देता, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ची यादी असते. ती उघडा आणि जे नाव ओळखीचं नाही ते रद्द करा. प्ले स्टोअरमधलं किंवा आयफोनच्या सेटिंगमधलं ‘सबस्क्रिप्शन’ही तपासा. कार्डावरून पैसे जात असतील, तर बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवा. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारांच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. घरातल्या थोरामोठ्यांचा फोन या रविवारी हाती घ्या आणि हे सगळं त्यांच्या शेजारी बसून करा. हा सल्ला फुकट आहे, चौथ्या दिवशीसुद्धा.