शेरा : पाहिले

लंडनमधल्या मराठी घरांत एप्रिल उजाडला की आईवडील यायला लागतात. व्हिसा सहा महिन्यांचा, बॅगेत मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला, आणि येण्याचं कारण नातवंड. आईला उतरल्या दिवशीच काम मिळतं. वडिलांना मिळत नाही. जावई डिशवॉशरला हात लावू देत नाही, मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही आराम करा." पंधरवडाभर आराम झाला की बाबा खिडकीत उभे राहून कुठला शेजारी कुठल्या रंगाच्या डब्यात काय टाकतो यावर नजर ठेवू लागतात. शेजाऱ्यांची तक्रार यायच्या आत मुलगी त्यांच्या हातात बसचं कार्ड ठेवते आणि सांगते, "बाबा, इथली मोठी म्युझियम्स फुकट आहेत."

असे काका प्रत्येक उपनगरात चार-दोन तरी असतात. सकाळी खांद्याला शबनम, पायात पांढरे बूट आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसच्या थांब्यावर उभे असलेले. आमच्या वरच्या मजल्यावर उतरलेले काका साताऱ्याचे. सारी नोकरी लोकल फंड ऑडिटमध्ये झालेली. जिल्हा परिषदा आणि नगरपालिका त्यांच्या नुसत्या नावानं जुनी व्हाउचरं शोधायला लागत, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते पेपर वाचत नसत, तपासत असत.

"फुकट" ऐकून दुसरा कुणी खूश झाला असता. काकांना संशय आला.

"तिकीट नाही, मग चालतं कशावर?" त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं.

"सरकारी अनुदानावर काका. 2001च्या डिसेंबरपासून सगळ्याच राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश फुकट केलाय."

"म्हणजे सार्वजनिक निधी!" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम कचेरीतला भारदस्तपणा आला. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते ब्रिटिश म्युझियमच्या फाटकावर हजर होते. सोबत थालीपिठांचा डबा, छत्री, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेची डायरी आणि लाल पेन.

फाटकावर पिशव्या तपासतात. तिथल्या माणसानं डबा उघडून वास घेतला, थालीपीठ बोटानं जरा उचलून पाहिलं आणि मानेनं परवानगी दिली. डायरीत पहिली नोंद पडली : "प्रवेशद्वारावरील तपासणी समाधानकारक."

बाकीचे लोक आत जाऊन रोझेटा दगडापुढे गर्दी करतात. काकांनी आधी मोजदाद मागितली. माहितीच्या टेबलावरच्या मुलीनं कौतुकानं सांगितलं की संग्रहात सुमारे 80 लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे 80 हजार मांडलेल्या असतात. काकांनी तिथंच वजाबाकी केली. "मग उरलेल्या 79 लाख 20 हजारांची प्रत्यक्ष पडताळणी कोण करतं? दरवर्षी होते की पंचवार्षिक?" मुलगी हसली. तिला ती गंमत वाटली. काकांनी आजवर एकही गंमत केलेली नव्हती.

त्या रात्री जावयानं सहज सांगितलं की 2023च्या ऑगस्टमध्ये या संग्रहालयानं स्वतःच जाहीर केलं होतं, सुमारे 2,000 वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या आहेत, आणि त्यावरून संचालकांनी पद सोडलं. बऱ्याचशा वस्तूंची म्हणे नीट नोंदच झालेली नव्हती. काका ताटावरून उठायचेच बाकी होते. "नोंदच नाही? जडवस्तू नोंदवही नाही?" जिल्हा परिषदेच्या शाळेतसुद्धा फुटक्या घंटेची नोंद असते, हे त्यांनी जेवण होईपर्यंत तीनदा सांगितलं. नात झोपली होती ती उठली. पण काकू मला नंतर म्हणाल्या की इथं आल्यापासून त्या रात्री त्यांना पहिल्यांदा गाढ झोप लागली.

मग काकांचा जम बसला. लंडनच्या बसमध्ये पहिल्या तिकिटावर तासाभरात कितीही बस बदलता येतात. एका तिकिटात जास्तीत जास्त लंडन बसवण्याचं वेळापत्रक त्यांनी तयार केलं. परतताना दुसरी बस साठाव्या मिनिटाच्या आत मिळाली की त्यांचा चेहरा वसूलपात्र रक्कम वसूल झाल्यासारखा उजळे.

त्यांची बघण्याची रीत ठरलेली होती. आधी पाटी वाचायची, वस्तूकडे नंतर बघायचं. पाटीतही काय आहे, कुणी घडवलं, हे ते ओलांडून जात. त्यांचं बोट थेट शेवटच्या ओळीवर : कधी आलं, कुणाकडून आलं, दाम मोजले की नुसतंच आलं. पार्थेनॉनच्या शिल्पांपुढे त्यांनी अख्खा दिवस काढला. लॉर्ड एल्गिननं ग्रीसमधून आणलेली ही शिल्पं ब्रिटिश सरकारनं 1816 साली 35,000 पौंडांना घेतली. एल्गिननं आपला खर्च 70,000 पौंडांच्या वर दाखवला होता.

"बिल निम्म्यावर कापलं," काका समाधानानं म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पण मुळात माल कुणाचा होता, हे मंजुरीच्या आधी बघायला पाहिजे होतं. ग्रीसवाले अजून मागतायत ना? आक्षेप 200 वर्षं प्रलंबित!" आपल्या आक्षेपांना नगरपालिका बारा-बारा वर्षं उत्तर देत नसत, याचं शल्य त्या दिवशी बरंच हलकं झालं.

सोन यांच्या घरी काकू बरोबर होत्या. सर जॉन सोन हे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुकार. त्यांनी आपलं राहतं घर मूर्ती, कलश, खांबांचे तुकडे आणि चित्रांनी गच्च भरून टाकलं आणि 1833 साली संसदेकडून कायदाच करून घेतला की माझ्यामागं घर आहे तसंच ठेवायचं. तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची दगडी शवपेटी आहे. ब्रिटिश म्युझियमला ती परवडली नाही, म्हणून 1824 साली सोन यांनी 2,000 पौंडांना घेतली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी तीन रात्री मेजवान्या दिल्या.

"कायदा केला तेव्हा बायको होती का हो यांची?" काकूंनी विचारलं.

"नव्हती. आधीच गेली होती."

"तरीच!" काकू म्हणाल्या. "असती तर निम्मं भंगारात दिलं असतं."

काकांनी मात्र डायरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : "मालकाने स्वतःच्या वस्तूंची कायदेशीर तरतूद हयातीत केली. अनुकरणीय." आणि जावयाला वाचून दाखवलं.

टेट मॉडर्नला मी त्यांना मुद्दाम नेलं. जुन्या वीजनिर्मिती केंद्रातलं हे संग्रहालय 2000 साली उघडलं. कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराची प्रसिद्ध कलाकृती याच संस्थेच्या मालकीची : जमिनीवर आयताकृती रचलेल्या 120 विटा, दोन थर, प्रत्येकी साठ. टेटनं त्या 1972 साली विकत घेतल्या, आणि 1976 साली ते वर्तमानपत्रांना कळल्यावर जनतेच्या पैशानं विटा घेतल्या म्हणून देशभर ओरड झाली. आम्ही गेलो तेव्हा त्या मांडलेल्या नव्हत्या, म्हणून मी बाकावर बसून फोनवर फोटो दाखवला आणि गोष्ट सांगितली. काका भडकतील, आपली करमणूक होईल, असा माझा हिशेब.

काकांनी फोटो मोठा करून विटा मोजल्या. "पहिल्या वेळी विकल्या गेल्या नाहीत तेव्हा त्यानं काय केलं?"

"भट्टीवाल्याला परत दिल्या आणि पैसे परत घेतले. टेटनं मागणी केली तेव्हा ती भट्टी बंद झालेली, म्हणून दुसरीकडून नव्या आणल्या."

"हे बघ," काका गंभीरपणे म्हणाले, "मी आयुष्यात पंचायतींच्या 10,000 विटा कागदावर मोजल्यात. जागेवर गेलं तर 6,000. इथं 120 लिहिल्यात आणि 120 आहेत. यात आक्षेप कसला घेणार?"

आधुनिक कलेचं इतकं ठाम समर्थन मी त्या इमारतीत दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

नॅशनल गॅलरीत त्यांना आपलं चित्र सापडलं. यान व्हान आइकनं रंगवलेलं आर्नोल्फिनी दांपत्य. काळ्या टोपीतला नवरा, हिरव्या झग्यातली बायको, पायाशी कुत्रं, मागं गोल आरसा. आरशाच्या वर भिंतीवर चित्रकारानं लिहून ठेवलंय की यान व्हान आइक इथं हजर होता, 1434. काका त्या ओळीपुढं हात जोडायचेच बाकी. "नाव आहे, साल आहे, समक्ष हजर असल्याचा दाखला आहे. सहाशे वर्षांपूर्वी! आमच्या ग्रामसेवकांना दाखवलं पाहिजे." मग त्यांना झुंबर दिसलं. "भर दिवसा मेणबत्ती जळतेय," ते म्हणाले, "पण एकच. ठीक आहे."

त्याच वेळी एक मार्गदर्शक बाई आपल्या घोळक्याला सांगत होत्या की चित्रातली बाई गरोदर आहे असं पुष्कळांना वाटतं, पण अभ्यासकांच्या मते तशी ती नाही. काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "त्यात अभ्यास कशाला? झगा लांब आहे, घोळ पोटाशी उचलून धरलाय. ओल्या अंगणातून जाताना आम्ही निऱ्या नाही का धरत?" मग खाली वाकून त्यांनी कोपऱ्यातल्या लाकडी खडावा पाहिल्या. "माणसं पैसेवाली दिसतात, पण चपला पार पलंगापर्यंत आणल्यात."

काका वर्षानुवर्षं कागद तपासत होते. माणसं त्या घरात काकू तपासत असत, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे काकांचं शेवटचं ठाणं. तिथं काय आहे हे साताऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण काकांचं काम क्रमवार. दालनांना क्रमांक असल्याचं पाहून त्यांनी वरच्या आकड्यांकडून खाली यायचं ठरवलं. प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या दालनात मायकेलअँजेलोचा उघडा डेव्हिड उभा आहे. राणी व्हिक्टोरियाला तो भेट आलेला. राजघराण्यातल्या बायका यायच्या तेव्हा त्याच्यावर अडकवायला प्लास्टरचं एक पान केलं होतं, ते आता मागच्या बाजूला वेगळ्या काचपेटीत ठेवलंय. "वापरात नसलेली वस्तू, पण निर्लेखित केली नाही," अशी नोंद झाली. काकू मात्र त्या दालनातून पुढं सरकल्या त्या मागं वळून न बघता, पण फार सावकाश.

42 क्रमांकाच्या दालनात काका अडकले. तिथं इराणचा अर्दबिलचा गालिचा आहे, सोळाव्या शतकातला. रंग उडू नयेत म्हणून त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं लावतात. विजेची अशी शिस्त काकांनी कुठल्या सरकारी इमारतीत पाहिली नव्हती. ते घड्याळ लावून बसत आणि दिवे वेळेवर लागले की मान डोलावत. असे कित्येक दिवस गेले. पुढचं 41 क्रमांकाचं दालन दक्षिण आशियाचं.

"काका, वाघनखं तिथंच आहेत. बघून घ्या एकदा," मी म्हणायचो.

"क्रमानं येऊ," काका म्हणायचे. "आणि फुकटच तर आहे. कुठं पळून जातायत?"

2024च्या जुलैत एका सकाळी त्यांच्या फोनवर साताऱ्याहून फोटोंचा पाऊस पडला. पताका, ढोल, फुलं. वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली होती आणि सगळ्यात आधी साताऱ्यातच मांडली होती. काका साताऱ्याहून लंडनला आलेले, आणि वाघनखं लंडनहून साताऱ्याला.

त्या दिवशी त्यांनी क्रम मोडला. 41 क्रमांकात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ होता, गोऱ्या सोजिराच्या नरडीवर बसलेला. पोटात बाजा असलेला हा वाघ 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी उचलला. काका त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिले. "वाघ इथं आहे," ते म्हणाले, "नखं साताऱ्याला."

जखमेवर फुंकर म्हणून मी त्यांना संग्रहालयाचं निवेदन वाचून दाखवलं. पेटीवरच्या मजकुरानुसार ही नखं पेशव्यांच्या प्रधानानं साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला दिली. पण अफझलखानाच्या वेळची ती हीच का, याची पडताळणी करता आलेली नाही, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. साताऱ्याच्या माणसाला हे झोंबलं. ऑडिटच्या माणसाला आवडलं. दोघांचं काकांच्या चेहऱ्यावर बराच वेळ भांडण चाललं, आणि शेवटी लाल पेन निघालं : "पडताळणी झाली नाही, असे प्रांजळपणे नमूद केले आहे. असा शेरा उभ्या नोकरीत कुणी आपणहून दिलेला नाही. तरीही आपलीच वस्तू आपल्याला उसनी कशी, याचा खुलासा व्हावा."

व्हिसा संपला, ऑक्टोबरात काका परतले. पोचल्याच्या आठवड्यात साताऱ्याच्या संग्रहालयात गेले. पुढची हकीकत काकूंनी फोनवर सांगितली. रांग मोठी होती. काका काचेपुढं आले, चष्मा पुसला, पाटीची शेवटची ओळ गाठली आणि डायरी उघडली. मागं एक अख्खी शाळा खोळंबली. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, पुढं सरका."

"अहो, लंडनला मी एकेका वस्तूपुढं अर्धा अर्धा तास उभा असायचो," काका म्हणाले. "कुणी मला सरक म्हटलं नाही."

पहारेकरी म्हणाला, "मग तिथंच बघून यायची की!"