हुकमी धबधबा

हिमालयाच्या प्रवासवर्णनांत धबधबा गोठतो. आमच्या भंडारदऱ्याला तो हिवाळ्यात तहकूब होतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या मोरीतून सुटलेले पाणी वाटोळ्या कातळावर पसरून जी छत्री उघडते, आणि जिला पाहून पर्यटक 'निसर्गाची किमया!' असे उद्गारतात, ती वस्तुतः रब्बीच्या आवर्तनाची अंमलबजावणी असून, तिचा कर्ताकरविता कानटोपी घातलेला, विडी ओढीत चाक फिरवणारा चौकीदार असतो. पौषातल्या धुक्यात कुडकुडत ताटकळलेल्या एका काव्यप्रेमी गृहस्थांनी त्याला सविनय विचारले, "आज दर्शन घडेल काय?"

"खालून गव्हाला मागणी आली म्हंजी घडंल, सायेब."

गृहस्थ तडक रंधा धबधब्याकडे निघाले; तिथली प्रवरा नदीही याच चाकाची ताबेदार, हे मी सांगितले नाही.