रात्री काटे थांबतात का?

माननीय प्रश्नपत्रिका काढणारे साहेब,


गडचिरोलीतल्या एका अभ्यासिकेत मी भरतीच्या पोरापोरींना अंकगणित शिकवतो. पहाटे ती मैदानावर पळतात, संध्याकाळी माझ्यापुढे पेंगतात. वनरक्षक व्हायला मुलींना 3 किलोमीटर धावावे लागते. तिथे एक सोय असते. धाव कुठे सुरू होते नि कुठे संपते, ते चुन्याने आखलेले असते.

परवा सरावाला आपला प्रश्न घेतला : ‘घड्याळाचे काटे दिवसातून किती वेळा सरळ रेषेत येतात?’ पर्याय 11, 22, 33, 44. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “सर, दिवसातून म्हणजे रात्र धराची का नाही जी?” पोरं हसली, मीही हसलो. मग खडू घेऊन मोजत बसलो.

12 तासांत काटे 11 वेळा एकमेकांवर येतात आणि 11 वेळा पाठ फिरवून उभे राहतात. एकावर एक आलेले काटे वाकडे तर नसतात. म्हणून 24 तासांचे 44. ‘सरळ रेषेत’ म्हणजे फक्त विरुद्ध दिशांना, असे आपल्या मनात असेल तर 22. दिवस 12 तासांचा धरला तर अनुक्रमे 22 आणि 11. आमच्याकडे दिवस उजाडतो नि मावळतो. सकाळी 6 ते संध्याकाळी 6 धरा, दोन्ही टोकांना काटे समोरासमोर, विरुद्धवाले 12 भरतात. तो पर्याय द्यायचा राहिला. 33 तेवढे निर्विवाद चूक आहे, त्याबद्दल आभार.

तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मुन्शी 70 पानांचे पुडके मोजून घेतो, कमी भरले की बाजूला टाकतो. खडूस माणूस, पण पाने किती हवीत ते आधी सांगतो.

आपले सगळेच प्रश्न वाईट नाहीत हं. ‘सव्वातीनला काट्यांत कोन किती?’ यावर अर्धा वर्ग शून्य म्हणतो. मी जुन्या गजराच्या घड्याळाची कळ फिरवून दाखवतो : मोठा काटा 3 वर पोचेतो लहान काटा 7.5 अंश पुढे निसटलेला असतो. चूक आमची, कबूल. पण पर्यायांत 7.5 आणि 352.5 दोन्ही ठेवून ‘लहान कोन’ हे दोन शब्द गाळायचे, ही कंजुषी कोणाची? गोंडवानात काही गोंड घरांत उलटे फिरणारे घड्याळ असते. त्यातही सव्वातीनला 7.5च येतात. उलटे फिरते ते फक्त आपले वाक्य.

असो. पोरीने 44 लिहिले होते, आपल्या उत्तरतालिकेत 22 निघाले. खऱ्या परीक्षेत असे झाले तर हरकतीला प्रश्नामागे पैसे पडतात, म्हणून तिचा निरोप फुकटात कळवतो :

“सायबाले इचारा ना जी, रात्री काटे झोपतात का?”

आपला,
अभ्यासिकेतला मास्तर