जुनी ट्रॅव्हलर दिंडीत हाकण्याचे शास्त्र

जुन्या व्हॅनमध्ये गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून महिनाभर भटकण्याला युरोपात छंद म्हणतात. आपल्याकडे अशा व्हॅनला दिंडीची गाडी म्हणतात. तिच्यात वळकट्या, सिलेंडर, पातेली, पिठाची पोती आणि गुडघे धरलेले एक काका असतात. तिकडच्या हौशी लोकांची लाडकी मर्सिडीज टी-वन आणि आपली टेम्पो ट्रॅव्हलर सख्ख्या बहिणी आहेत. बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, टी-वनच्याच आराखड्यावर 1987 साली ट्रॅव्हलर काढली. त्यामुळे पुढील नियम जर्मनीतही लागू पडावेत. काका मात्र आपले आपण न्यावेत.

या घराण्यातल्या 2.4 लिटरच्या डिझेल इंजिनाला मिनिटाला 1,500 ते 2,500 फेरे मानवतात. सर्वांत जास्त ओढ 2,400च्या आसपास मिळते. फेरे दाखवणारा काटा जुन्या गाडीत बहुधा नसतो. असलाच तर शून्यावर असतो, त्यावरून इंजिन बंद आहे असे समजू नये. डॅशबोर्डवरच्या विठोबाकडे पाहावे. मूर्ती जागच्या जागी थरथरू लागली की इंजिन कुंथतेय, एक गिअर खाली यावे. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागले की वरचा टाकावा. ही दुसरी कसोटी भजन चालू असताना वापरू नये.

पुढच्या सीटवर बसणाऱ्याला गिअरविषयी सल्ला देण्याचा परंपरागत हक्क आहे. तो स्वतः छोटी पेट्रोल कार चालवत असेल, तर ॲव्हरेज वाढावे म्हणून लगेच टॉप टाकायला सांगेल. त्याला तंबाखूची चंची शोधायला लावावे. पण त्याने कधी काळी भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढल्या असतील, तर निमूट ऐकावे. ट्रॉलीवाला चढ लागण्याआधीच गिअर टाकतो, कारण मध्यावर बदलायला गेले की वजन मागे खेचते. पंढरपूरच्या वाटेवर वरवंड सोडल्यावर रोटी घाटात हे पटते.

घाट उतरताना न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे महाभाग प्रत्येक दिंडीत असतात. वाचलेल्या डिझेलचा चहासुद्धा होत नाही आणि ब्रेक मात्र तापून पकड सोडतात. त्याहून पुढचे शहाणे इंजिनच बंद करतात. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पंप इंजिनावर चालतो, हे त्यांना पहिल्या वळणावर कळते. ज्या गिअरात घाट चढू, त्याच गिअरात उतरावे. पण अतिशहाणपणाने वेगात असताना एकदम दुसरा टाकू नये. जास्त रेस दिली तर पंपातला गव्हर्नर डिझेल तोडतो. उतारावर चाकेच इंजिनाला फिरवू लागली की त्याचे काही चालत नाही, आणि मग व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतात.

बारामती ते सणसर हा टप्पा क्लचचा. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण पाहायला गर्दी थांबली की मागची गाडीही थांबते. अशा वेळी हाफ क्लचवर इंचइंच सरकणाऱ्याला तळावर पोचण्याआधी प्लेट जळल्याचा वास येतो, आणि तो आधी स्वयंपाकवाल्यांवर संशय घेतो. न्यूट्रल करून पाय काढावा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की पहिल्यात निघावे. मागचा हॉर्न वाजवील. त्यालाही पंढरपूरलाच जायचे असते.

सणसरला मुक्कामी पोचल्यावर इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरात ठेवावी, हँडब्रेक ओढावा, पण त्याच्यावर विसंबू नये. चाकाला दगड लावावा. आणि पहाटे बेलवाडीकडे निघताना, मालक, तो दगड रस्त्यातून उचला. तुमच्या मागून अनवाणी माणसे अंधारात चालत येत असतात.